संडासाच्या दारावरचं वेळापत्रक

आमच्या शाळेचं वेळापत्रक बावीस वर्षं मी केलं. तेवढ्या काळात मुख्याध्यापक पाच बदलले, पण मे महिन्याच्या शेवटी मोठा कागद, फूटपट्टी आणि लाल-निळी पेनं घेऊन बसणारा मास्तर तोच राहिला. वेळापत्रकात गणित थोडं आणि भांडण फार असतं. कुणाला पहिला तास नको, कुणाला जेवणाच्या सुट्टीनंतरचा नको, कुणाला शनिवारी गाडी पकडायची असते. मी कुणाचंच ऐकत नसे. एका खोलीत एका वेळी एकच वर्ग बसतो, त्यामुळे कुणाची तरी गैरसोय झाल्याशिवाय कागद पुरा होत नाही, आणि ती कुणाची व्हायची हे ठरवायला मला आवडायचं. जो गुपचूप ऐकून घेई त्याच्या गळ्यात मी नको असलेले तास घालायचो. वेळापत्रक करणारे सगळेच तसं करतात.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे आमच्या घरात जे घडलं ते माझ्या कॅन्सरमुळे घडलं असं आमचे नातेवाईक समजतात. कॅन्सरनं माझं जे करायचं ते केलं. माझ्या बायकोच्या उजव्या किडनीचं जे झालं ते मात्र मी केलं, फूटपट्टीनं रेघा मारून केलं.

निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना मला शौचावाटे रक्त पडायला लागलं. मी ते मूळव्याधीवर ढकललं. आमच्या शाळेत निम्मे मास्तर मूळव्याधीचे आणि प्रत्येकाकडे एकेक चूर्ण. बायको म्हणायची, डॉक्टरला दाखवा. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा मी भरल्या ताटावरून उठलो. पाच-सहा महिने असे घालवले. शेवटी एकदा शिकवता शिकवता चक्कर येऊन फळ्यापाशी खाली बसलो, तेव्हा तपासण्या झाल्या आणि गुदाशयात अगदी खालच्या बाजूला गाठ निघाली.

आधी रेडिएशनचा शेक आणि गोळ्या झाल्या, मग ऑपरेशन, मग केमो. गाठीसकट गुदाशय काढून टाकला, वरचं आतडं खाली ओढून जोडलं, आणि तो जोड भरून येईपर्यंत पोटावर उजव्या बाजूला आतड्याचं तोंड काढून त्यावर पिशवी लावली. ती आठ महिने राहिली. पिशवी कशी बदलायची हे शिकवायला सिस्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवलं होतं. मी छताकडे बघत राहिलो. बायको शिकली. माप घेऊन चकती कापायची, कातडी कोरडी करायची, चकती बसवून तळहातानं दाबून धरायची. आठ महिन्यांत मी स्वतः एकदाही पिशवी बदलली नाही. कातडी चुरचुरली की तिच्यावर ओरडायचं काम मात्र माझं होतं.

बाहेर आम्ही हर्निया सांगितला होता. म्हणजे मी सांगितला होता, आणि तिला दम भरला होता की शेजारीपाजारी, विहारात, तुझ्या माहेरी दिंडोरीकडे, कुठेही कॅन्सर हा शब्द निघता कामा नये. तीस वर्षं शाळेत माझा दरारा होता. आता लोकांनी माझ्या पोटाकडे बघून कुजबुजायचं, हे मला सोसणार नव्हतं. ती म्हणाली, "नाही सांगत." आणि तिनं खरंच कुणाला सांगितलं नाही. तिनं ते किती मनावर घेतलं होतं हे मला फार उशिरा कळलं.

पिशवी काढून आतडं पुन्हा चालू केलं त्या दिवशी मी वॉर्डात पेढे वाटायला लावले. डॉक्टरांनी सावध केलं होतं. म्हणाले, "सर, पूर्वी तुमच्याकडे गोदाम होतं. माल येऊन पडायचा आणि सवडीनं बाहेर जायचा. ते गोदाम आम्ही काढलंय. आता नुसता बोळ आहे. सुरुवातीला बराच त्रास होईल. वर्ष-दीड वर्षात कमी होतो, पण थोडाफार कायमचा राहू शकतो." मी त्यातलं 'कमी होतो' एवढंच ऐकलं.

घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात मी दिवसाला पंधरा-सोळा वेळा जात होतो. जायचं, थोडंसं व्हायचं, हात धुऊन बाहेर येऊन खुर्चीत टेकायचं, की परत. तासाभरात सहा वेळा. मग दोन तास काही नाही, आणि जरा विश्वास बसला की पुन्हा तेच. वारा सरतोय की दुसरं काही, हे कळायची सोयच राहिली नव्हती. पलंगापासून संडासापर्यंत अकरा पावलं. ती अकरा पावलं मला पुरायची नाहीत. आत मोठ्या माणसांचे डायपर, जागा सोलवटलेली, घरभर डेटॉलचा वास. केमोनं पायांची बोटं बधिर झालेली, एकदा चप्पल पायातून निघून रस्त्यात राहिली आणि मी सोसायटीच्या फाटकापर्यंत अनवाणी आलो तरी मला पत्ता नव्हता.

आणखी एक गोष्ट आहे. खालच्या नसांना ऑपरेशनमध्ये धक्का लागतो आणि पुरुषाचं पुरुषपण जाऊ शकतं. डॉक्टरांनी सही घेण्याआधी हे सांगितलं होतं, बायको शेजारीच बसली होती. तिनं तेव्हा माझा हात धरला. ते खरंच झालं तेव्हा मी तिच्याशी त्याबद्दल एक शब्द बोललो नाही. माझी गादी उचलून बाहेरच्या खोलीत नेली आणि सांगितलं की इथून संडास जवळ पडतो. ते अर्धंच खरं होतं. तिनं उशीला नवा अभ्रा घालून दिला.

रविवारची विहारातली वंदना मी सोडली. तिथे शांतता असते, आणि माझं पोट कधी आवाज करील याचा नेम नव्हता. मी जात नाही म्हणून तिचंही जाणं थांबलं. मी तिला जाऊ नको असं म्हटलेलं नाही. "जा की, मला मध्येच काही झालं तर बघू," एवढंच म्हणालो होतो.

आमचा फ्लॅट गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि संडास-बाथरूम एकत्र, एकच. मुलगी लग्न होऊन मनमाडला गेल्यावर आम्हा दोघांना घर मोठं वाटायला लागलं होतं. आता ते दार म्हणजे आमच्या रोजच्या भांडणाची जागा झाली. ती आंघोळीला गेली की नेमकं माझं पोट उठायचं. मी दार बडवायचो. ती अंगावरच्या साबणासकट साडी गुंडाळून बाहेर यायची आणि स्वयंपाकघरात निथळत उभी राहायची, मी आत अर्धा अर्धा तास. एकदा तिला कडी काढायला उशीर झाला आणि माझं दारातच सगळं झालं. मी ओरडलो, "तुला काय हीच वेळ सापडली?" ती म्हणाली, "चुकलं." नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. त्या वेळेला नाशिकमधलं कुठलंही माणूस आंघोळ करतं.

पिशवी शिकवणाऱ्या सिस्टरच पुढेही फोनवर विचारपूस करायच्या. त्यांनी मला डायरी ठेवायला सांगितली. काय खाल्लं, किती वाजता खाल्लं, केव्हा आणि किती वेळा जावं लागलं. मला जणू नोकरी परत मिळाली. मी उभ्या-आडव्या रेघा मारल्या. चार आठवड्यांत माझ्या ध्यानात आलं की पोटालाही तास आहेत. सकाळचे अडीच तास वाईट, जेवणानंतर पाऊण तासानं वाईट, मध्ये जरा उसंत. जेवणाच्या वेळा मिनिटावर बांधल्या, जेवणाआधी अर्धा तास पोट आवळणारी गोळी, इसबगोल, ताक-भात, केळं, आणि खालचे स्नायू आवळून धरायचा व्यायाम दिवसातून तीनदा. सोळा वेळांवरून मी आठ-नऊवर आलो. याचं श्रेय मी माझ्या शिस्तीला दिलं.

मग एका रविवारी मी दारासाठी वेळापत्रक केलं. लाल म्हणजे मी आणि निळं म्हणजे ती. सकाळी सहा ते साडेआठ लाल, साडेनऊ ते साडेदहा लाल, दुपारी एक ते तीन लाल, संध्याकाळी साडेसातपासून झोपेपर्यंत लाल. मधल्या मोकळ्या वेळातही पोटाचा भरवसा नव्हता, म्हणून तिथे 'राखीव' लिहून फिकट लाल रंग भरला. निळे तीन झाले. पहाटे पाच ते साडेपाच, त्यातच आंघोळ. सकाळी साडेअकरा ते पावणेबारा. दुपारी चार ते सव्वाचार.

तिनं पदराला हात पुसत कागद पाहिला. "रात्री?"

"रात्री तू झोपतेस."

"म्हणजे मला दिवसातून तीनदाच जायचं?" ती हसत होती.

"सवयीनं सगळं होतं," मी म्हणालो. "शाळेत बाया सहा-सहा तास काढतात."

हे मी मनचं सांगत नव्हतो. आमच्या शाळेत शिक्षिकांसाठी एकच संडास, तोही मैदानाच्या पलीकडे. जाऊन यायला पंधरा मिनिटं लागायची. सकाळी सातच्या आत आलेल्या बाई दुपारी एक वाजेपर्यंत घोटभर पाणी न पिता उभ्या राहून शिकवायच्या. हे मला ठाऊक होतं, आणि वेळापत्रक करताना सोयीचंच वाटायचं, कारण त्या मधल्या सुट्टीनंतर कधी उशिरा येत नसत. बायकांची ही सवय मी इतकी वर्षं गृहीत धरली होती की घरीही तीच धरली. कुठल्या शिक्षिकेला पुढे काय दुखणं लागलं, हे मी कधी विचारलं नाही.

"बरं," ती म्हणाली, आणि स्वयंपाकाला लागली.

मी कागद झेरॉक्सच्या दुकानातून लॅमिनेट करून आणला आणि दाराला चिकटवला. दीड वर्ष आमच्या घरात त्या दारावरून एकदाही भांडण झालं नाही. मी खूश होतो. सकाळी साडेदहानंतर चालायला जाऊ लागलो, वाचनालयात बसू लागलो, कॉलेज रोडपर्यंत रिक्षानं जायची हिंमत आली. मी केव्हा धावत परत येईन याचा नेम नसे, म्हणून मी बाहेर असतानाही ती लाल वेळा पाळायची. सिस्टरांनी वेळापत्रकाचा फोटो मागून घेतला आणि ज्यांचं असं ऑपरेशन झालंय अशा लोकांच्या बैठकीत मला बोलायला बोलावलं. तिथे कुणी ओळखीचं नसणार याची खात्री करून मी गेलो.

तीस-पस्तीस माणसं होती. मी अर्धा तास बोललो, फळ्यावर तक्ता काढून दाखवला. एका बाईंनी विचारलं, "सर, पण घरात दुसरं माणूस असतं ना, त्याचं काय?" मी म्हणालो, "दुसऱ्या माणसानं थोडं सांभाळून घ्यायचं." सगळे हसले आणि मागच्या रांगेत बसलेल्या माझ्या बायकोकडे वळून बघायला लागले. तीही हसली. नंतर चहा आला. तिनं कप घेतला, घड्याळ पाहिलं आणि तो तसाच शेजारच्या बाईला देऊन टाकला. ती चहाची केवढी वेडी आहे हे मला माहीत होतं. कप दिलेला मी पाहिला. पण लोक माझ्याभोवती जमले होते, नंबर मागत होते, आणि मला ते फार आवडत होतं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात तिची कंबर दुखायला लागली. मी वयाचं कारण सांगितलं आणि मलम आणून दिलं. एका दुपारी तिला थंडी वाजून ताप आला. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी तापाच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी तिला उलट्या सुरू झाल्या आणि ती असंबद्ध बोलायला लागली. भाजणी दळून आणायची राहिली, असं सारखं म्हणत होती. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. सोनोग्राफीत कळलं की उजव्या किडनीतून खाली येणाऱ्या नळीत खडा अडकलाय, बहुधा बरेच महिने अडकलेला असावा, आणि वर किडनी सुजून तिच्यात पू झालाय. त्याच दिवशी आत नळी घालून तो पू काढावा लागला.

दोन दिवसांनी ताप उतरल्यावर डॉक्टर पलंगाशी आल्या. तरुण मुलगी, माझ्या मुलीच्याच वयाची.

"आजी, पाणी किती पिता?"

"पिते की."

"म्हणजे किती?"

"चहा असतो सकाळी. जेवताना थोडं."

"आणि लघवीला दिवसातून किती वेळा जाता?"

"तीनदा," बायको म्हणाली आणि कुणी न विचारता वेळाही सांगून टाकल्या. "पाचला, साडेअकराला आणि चारला."

डॉक्टरांनी कागदावरून मान वर केली. "ठरवून? मध्ये लागली तर?"

"लागू नये म्हणून तर पाणी पीत नाही ना." भाजीत मीठ किती घालायचं हे सांगावं तितक्या सहज ती बोलली. तिच्या मनात तक्रार नव्हती, हेच मला अजून छळतं.

"घरात संडास नाही का?"

"आहे की. यांचं पोटाचं ऑपरेशन झालंय."

मग त्या मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "मॅडम, मला काही कल्पना नव्हती." हे साफ खोटं होतं. त्या तिन्ही वेळा निळ्या पेनानं मीच लिहिल्या होत्या. तांब्या दिवसभर भरलेलाच राहतो, हेही मला दिसत होतं. मला विचारावंसं वाटलं नाही, कारण विचारलं असतं तर माझे लाल तास कमी करावे लागले असते.

पुढच्या तपासणीत निघालं की उजव्या किडनीचं काम बरंचसं गेलंय आणि ते परत येणार नाही. डावी चांगली आहे, तिला जपा, दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी प्या, लघवी अजिबात अडवू नका, जड उचलू नका. माझ्या ऑपरेशनचे कायमचे परिणाम काय, असं मला बैठकीत लोक विचारायचे तेव्हा मी बोटांवर मोजून सांगायचो. त्यातला सगळ्यात मोठा तिच्या पोटात होता.

मुलगी मनमाडहून सकाळच्या गाडीनं आली. कपडे आणायला घरी जाऊन परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. मला वाटलं ओरडेल. तिनं ओरडावं असं मला फार वाटत होतं. ती दवाखान्याच्या जिन्यात बसली आणि म्हणाली, "पप्पा, मी तुमच्याकडे येताना मनमाड स्टेशनवरच बाथरूमला जाऊन यायचे. इथे दिवसभर पाणीच प्यायचे नाही. मला वाटायचं, एका दिवसाचाच तर प्रश्न आहे. मम्मी रोज काय करत असेल, हे मला सुचलंच नाही पप्पा." मग ती रडायला लागली, आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत तिची समजूत काढत बसलो. माझी चूक तिनं अंगावर घेतली आणि मी घेऊ दिली.

दारावरचा कागद तिनंच खरवडून काढला आणि आईच्या मोबाईलमध्ये दर तासाला पाणी प्यायचा अलार्म लावून दिला.

आता तीन लिटर पाणी पिणारं एक माणूस, माझ्यासारखं एक माणूस आणि संडास एक. मी समोरच्या दाराची बेल वाजवली. समोर एक मुसलमान कुटुंब राहतं, त्यांचं शिवणकामाचं दुकान आहे. पंधरा वर्षांचा शेजार, ईदला शिरखुर्मा येतो, आमच्याकडून खीर जाते. भाभींनी दार उघडलं. उंबऱ्यावर उभं राहूनच मी त्यांना सगळं सांगितलं, कॅन्सर, पिशवी, डायपर, सगळं. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणासमोर असा उभा होतो. म्हणालो, "हिला तुमच्याकडे यायला परवानगी द्या."

भाभी म्हणाल्या, "अहो सर, हर्नियासाठी कुणी वर्षभर दवाखान्यात जातं का? आम्हाला माहितीये सगळं. ताईंना मी कितीदा म्हटलं, आमच्याकडे येत जा, दोन आहेत. त्या म्हणाल्या, नको, तुम्हाला कळलंय हे सरांना समजलं तर त्यांना फार लागेल."

घरी आलो तर ती गॅसपाशी उभी होती. "काय म्हणाल्या?" तिनं विचारलं. "ये म्हणाल्या," मी म्हणालो. माझा हर्निया खरा राहावा म्हणून तिनं दीड वर्ष समोरचं दार टाळलं होतं, आणि तो हर्निया कुणालाच खरा वाटत नव्हता. तिची माफी मागायला मी दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा तिनं "जेवून घ्या, गोळीची वेळ झाली" म्हणून विषय बदलला.

ती समोर जायला लागली. पहिल्यांदा लाजत, मग सवयीनं. तिथे तिला चहाही मिळायचा, दोघी गप्पा मारत बसायच्या, ती परत यायची तेव्हा चेहरा जरा वेगळा दिसायचा. महिनाभर बरं चाललं. मग भाभींच्या घरचे लग्नासाठी चार दिवस मालेगावला गेले. जाताना भाभी किल्ली देत होत्या. बायकोनं घेतली नाही. लोकांच्या बंद घरात कसं जायचं, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण होऊन तास झाला असेल. मी आत होतो. वीस मिनिटांत तिसरी फेरी, आणि अजून बाकी आहे हे कळत होतं. बाहेर तिची पावलं ऐकू आली. स्वयंपाकघरापासून दारापर्यंत, दारापासून परत. मग दाराशी थांबली. तिनं दार वाजवलं नाही. ती कधीच वाजवत नाही.

"आलो," मी म्हणालो.

"बसा, बसा. मला घाई नाही."

हे वाक्य दीड वर्षात मी किती वेळा ऐकलं असेल. प्रत्येक वेळी मला ते खरं वाटलं होतं, कारण खरं वाटून घेणं सोपं होतं. या वेळी मी उठलो. अर्ध्यावर उठलो, लेंगा वर ओढला आणि कडी काढली.

"झालं तुमचं?"

"झालं. जा तू."

ती आत गेली. मला वाटलं, दोन-तीन मिनिटांचा प्रश्न आहे, व्यायामात शिकवलंय तसं आवळून धरू. भिंतीला हात लावून उभा राहिलो. आतून आवाज येत होता, पुष्कळ वेळ येत होता. किती साठलं होतं तिच्यात. ऐकून मला बरं वाटलं, खरंच बरं वाटलं. ऑपरेशननंतर पहिल्यांदा ती आत होती आणि मी दार न बडवता बाहेर ताटकळत होतो, आणि आपण आता तरी नवऱ्यासारखं वागलो असं मी स्वतःला म्हणून घेतलं. पाय बधिर असल्यामुळे मला कळलंच नाही. खाली बघितलं तेव्हा लेंग्यातून ओघळून सगळं पावलांपर्यंत आलं होतं आणि फरशीवर पसरत होतं.

ती बाहेर आली, बघितलं, आणि एकदम भडकली. चिडली की ती दिंडोरीचं बोलते. "कशाला उठले तुम्ही? मी म्हटलं ना घाई नाय म्हणून! जरा बसून राहवत नाय का माणसाला?"

"मी पुसतो," म्हणून मी वाकायला गेलो आणि पाय सरकला. तिनं दंड धरून सावरलं.

"सरा. पडाल आणि अजून एक करून ठेवाल." तिनं मला आत ढकललं, नळ सोडला, लेंगा काढून बादलीत टाकला आणि दार ओढून घेतलं. मी नळाखाली तसाच उभा राहिलो. बाहेर तिनं दुसरी बादली भरून उचलली तेव्हा कण्हल्याचा आवाज आला. डॉक्टरांनी तिला जड उचलू नका म्हणून सांगितलं होतं. फिनाईलचा वास आला आणि फरशीवरून फडकं फिरायला लागलं. एक पाळी तिला द्यायला मी उठलो होतो, आणि तिच्या वाट्याला पुन्हा माझंच काम आलं होतं.

स्वयंपाकघरात तिच्या मोबाईलचा अलार्म वाजायला लागला.

"पाणी पी," मी आतून ओरडलो. "अगं, पाण्याची वेळ झाली. आधी पाणी पी."

"पिते," ती म्हणाली. "हे एवढं होऊ द्या."